गोऱ्याचा खड्डा आणि तुळशीची पाटी

तुळशीबाई झारेकरीण. म्हणजे सोनाराच्या दुकानातला केर झाडायचा, धुवायचा आणि त्यातलं सोनं काढून मालकाच्या हातावर ठेवायचं, हा तिचा धंदा. गुजरातकडे यांना धूळधोये म्हणतात. मी लग्न होऊन पालीहून शहाद्याला आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, बिंदणी, म्हणजे आमच्या मारवाडीत सूनबाई, या घरातला केर बाहेर टाकायचा नाही. मी मनात म्हटलं, काय चिकट लोकांच्या घरात पडले मी. मग शुक्रवारी ही काळी, उंच, दातात मिस्री लावलेली बाई आली, कारखान्याच्या खोलीतली चटई झटकली, फरशीच्या फटी काडीनं कोरल्या, कारागिरांनी हातपाय धुतलेलं पाणीसुद्धा बादलीत भरून घेतलं, आणि संध्याकाळी परत येऊन सासूबाईंच्या तळव्यावर मुगाच्या डाळीएवढा सोन्याचा गोळा ठेवला. त्या दिवसापासून मी केरसुणीला पाय लावत नाही.

तिचं माझं जमलं ते मी तिला छळायचे म्हणून. तुळशे, माझ्या केसांत बघ गं, परवा कारखान्यात डोकावले होते. तुळशे, शेठजींच्या मिशीत तोळाभर तरी असेल, झोपले की झाडून घे. ती हसायची नाही. काम झालं की जाता जाता एकच वाक्य टाकायची, शेठाणी, तुम्हनी जीभ धुई तं कायच निघाव नही. म्हणजे जीभ धुतली तर काहीच निघायचं नाही. बघा, मला तोंडावर असं म्हणणारी अख्ख्या सराफ बाजारात दुसरी कोण होती?

आता तिची पाटी. शिवणीच्या लाकडाची, एका ओंडक्यातून कोरलेली, पोटाला खोलगट. तिच्या सासऱ्याच्या हातची. गोमाई नदीच्या पाण्यात बसून ती पाटी अशी गोल फिरवायची की हलकी माती लाटेसरशी बाहेर, जड काळी रेती तळाला, आणि रेतीच्या शेपटीला सोनं. ती पाटी ती कधी कोरडी होऊ द्यायची नाही. घरी आली की ओल्या गोणपाटाखाली. पोरांना ताप आला तर अंगारा, पण पाटीचं गोणपाट वाळलं तर तुळशीबाईची धावपळ. लाकूड सुकलं की त्याला तडे जातात, एवढंच कारण सांगायची.

आणि एक रीत होती. सोनं मालकाच्या हातावर दिलं की ती पाटी उंबऱ्यावर पालथी घालायची, तीनदा मूठ मारायची आणि म्हणायची, दखा, खाली शे. रिकामी आहे. बस. कागद नाही, सही नाही. बाजारातली अकरा दुकानं एवढ्यावर तिला आपला केर द्यायची. तिच्या पाटीत कण राहत नाही, एवढीच तिची अब्रू आणि एवढंच तिचं भांडवल.

दोन वर्षांपूर्वी होळी झाली आणि आमच्या दुकानात एक पोरगी आली. पाठीवर पिशवी, पायात पोलिसासारखे बूट, हातात हातोडी. मी रिषभला, माझ्या मुलाला, म्हटलं, बघ, फोडायला आली वाटतं तिजोरी. ती कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकून आता दगडांवर संशोधन करत होती. नाव भूमिका. आई-बापानं नाव ठेवतानाच हिला जमिनीत घातलं होतं.

ती बसली, चहा प्यायली आणि एक जुना नकाशा पसरला. सातपुड्यात, म्हसावदहून धडगावकडे घाट चढला की आत पिपळबारी म्हणून पाडा आहे. तिथं इंग्रजांच्या काळात कुणा गोऱ्यानं सोन्यासाठी खोदलं होतं. एक चर आणि एक खड्डा. मग त्याला ताप आला, मजूर पळाले, काम बंद. त्याच्या टिपणात नुसतं एवढंच होतं की सोन्याचा अंश दिसला. शंभरेक वर्षांत परत कुणी बघितलं नव्हतं. हिला ते बघायचं होतं. पण ओढ्याची रेती धुऊन कण शोधायला हात सराईत लागतो, आणि कुणीतरी तिला सांगितलं होतं की शहाद्याच्या सराफ बाजारात एक बाई आहे, तिला धुळीतलं सोनं वासानं कळतं.

तुळशीबाईला बोलावलं. भूमिकानं पिशवीतून लोखंडी थाळी काढून दाखवली, कडेला खाचा पाडलेली, अशाच कामासाठी बनवलेली. तुळशीबाईनं ती उलटसुलट केली आणि परत दिली.

"हाई ताट जेवाले ठेव, पोरी. धुवाले मन्ही पाटी शे."

मी तेव्हा फार हसले. मला वाटलं, शाबास तुळशे, शिकलेल्या पोरीची कशी जिरवलीस. हसण्यात आणखी भर म्हणून मी पण निघाले त्यांच्यासोबत. साठीला टेकलेली बाई डोंगरात कशाला? डोंगर बघायला. शहाद्यात बसून रोज दिसतो आणि चाळीस वर्षांत एकदा चढले नव्हते.

जीपमध्ये भूमिकाचे डबे, दोऱ्या, नमुन्याच्या पिशव्या, आणि माझी खाण्याची टोपली. खाखरे, थेपले, लोणचं, दोन दिवसांचं. तुळशीबाई मांडीवर पाटी घेऊन बसली, वर ओलं गोणपाट. ते टपकायला लागलं माझ्या साडीवर. मी म्हटलं, तुळशे, तुझ्या या म्हाताऱ्याला वर बसव, हवा खाऊ दे. ती नको म्हणाली. मी ड्रायव्हरला सांगून पाटी टपावर बांधायला लावली आणि गोणपाट पायाखाली घेतलं. धडगावला भूमिकाची कागदपत्रं अडली, तिथं एक रात्र राहावं लागलं. दोन दिवस ती पाटी टपावर होती, मार्चच्या उन्हात. तुळशीबाई मधून मधून मान बाहेर काढून वर बघायची. मी थेपला पुढे करायचे.

पिपळबारीत उदेसिंग भेटला. पावरा आदिवासी, पन्नाशीचा, अंगानं काटक, बोलायला लावलं तर दंड घेतो असं वाटावं इतका गप्प. गोऱ्याचा खड्डा त्याच्या वावराच्या कडेला होता. वावर म्हणजे वनजमीन, त्याच्या बापापासून कसत आलेली, ज्वारी-मक्याची, बांधावर आंबे आणि मोहाची झाडं. त्या जमिनीच्या पट्ट्यासाठी त्यानं दावा टाकला होता. ग्रामसभेनं मंजूर केला होता, मोजणी झाली होती, फाइल वर गेली होती, आता नुसता शिक्का बाकी. त्यानं हे सगळं भूमिकाला चार वाक्यांत सांगितलं आणि विचारलं, तुमच्या दगडानं काही अडणार नाही ना? ती म्हणाली, छे, मी नुसतं बघायला आलेय.

खड्डा म्हणजे मला वाटलं होतं विहीर तरी असेल. जेमतेम पाच-सहा हात खोल, करवंदीच्या जाळीनं झाकलेला, तळाला वटवाघळांची घाण. पण त्याच्या शेजारी जे होतं ते मी कधी विसरणार नाही. डोंगराच्या उतारावर एक काळी भिंत उभी होती, कुणी बांधल्यासारखी, पार पलीकडच्या टेकडीपर्यंत गेलेली. भूमिका म्हणाली, काकू, हा सगळा मुलूख लाव्ह्याचा. लाखो वर्षं एकावर एक थर सांडत गेले, चळतीतल्या पोळ्यांसारखे. मग त्या चळतीला उभ्या चिरा पडल्या, खालून परत तापलेला रस चढला आणि चिरेतच गोठला. आजूबाजूचा दगड झिजला, चिरेतला टणक, तो भिंतीसारखा उरला. नंदुरबार जिल्ह्यात अशा भिंती कितीतरी आहेत म्हणे. भिंतीला चिकटून वितीएवढी पांढरी गारगोटीची शीर होती, गंजाचे डाग पडलेली. त्यात पिवळे चौकोनी खडे चमकत होते. मी ओरडलेच. तुळशीबाईनं एक उचलला, दातानं दाबला, थुंकली.

"सोनमाखी," म्हणाली. सोन्याची सोंगाडी बहीण.

भूमिकाला ते आवडलं. तिनं सांगितलं, की या काळ्या दगडात सोनं सहसा नसतंच. पण लाव्ह्याच्या खाली फार जुना दगड आहे, कदाचित गरम पाण्यानं त्यातलं थोडं वर आणून या शिरेत सोडलं असेल. ते तपासायचं कसं? ओढ्यात तीन ठिकाणची रेती धुवायची. खड्ड्याच्या खालची, खड्ड्याजवळची आणि खड्ड्याच्या वरची. खाली सोनं सापडलं आणि वर नाही, तर ते या शिरेतूनच आलं. सोप्पं. मलासुद्धा कळलं.

तुळशीबाईनं पाटी उतरवली तेव्हा ती पांढरट पडली होती. तिनं तिला ओढ्यात बुडवून ठेवलं, तासभर वर दगड ठेवून. मग खालच्या डोहापासून सुरुवात केली. पहिली पाटी फिरवली. माती गेली, काळी रेती उरली, तिनं पाटी तिरकी केली आणि रेतीच्या शेपटीला पाच पिवळे कण. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे. भूमिका गुडघ्यावर बसली. उदेसिंग पुढे आला, बघितलं आणि मागे सरकला.

आणि मी, मी काय म्हणाले असेन? "तुळशे, डोंगरातलं आहे की आमच्या दुकानातलं बांधून आणलंस?"

सगळे हसले. तुळशीबाई पण, त्या दिवशी पहिल्यांदा.

खड्ड्याजवळच्या रेतीत तीन कण निघाले. वरच्या रेतीत एक. भूमिकानं सगळे बाटल्यांत भरले, चिठ्ठ्या लावल्या. वरती एक निघाला त्याचा अर्थ तिनं असा लावला की शीर आणखी वरपर्यंत जात असेल. परत येताना ती गाणं गुणगुणत होती. मी शहाद्यात उतरले ती थेट बाजारात. माझं ते वाक्य मी किती दुकानांत सांगितलं असेल, मोजता यायचं नाही. डोंगरातलं की आमच्या दुकानातलं. हरेक ठिकाणी हशा. पुढचे दोन महिने तुळशीबाई बाजारातून निघाली की पोरं विचारायची, झारेकरीण मावशी, आज कुणाचा डोंगर धुतला?

पावसाळ्याच्या तोंडी उदेसिंग आमच्या दुकानात आला. हातात कागद. त्याला वाचता येत होतं, पण दुसऱ्यानं वाचला तर काही वेगळं निघेल असं त्याला वाटलं असावं. मी वाचला. दावा रद्द नव्हता. त्या भागात मौल्यवान खनिज असण्याची शक्यता कळल्यामुळे तपासणी पूर्ण होईपर्यंत प्रलंबित. तपासणी केव्हा पूर्ण होणार, ते कागदात नव्हतं. भूमिकाचा अहवाल कुठल्या तरी टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला होता, आणि पिपळबारीचा उतार एका यादीत चढला होता. त्यातच गावात दोन गाड्या येऊन गेल्या, कुणीतरी बांधावर चुन्याची रेघ मारून गेलं.

उदेसिंग तुळशीबाईला शोधत आला होता, मी तिला बोलावून घेतलं. त्यानं तिच्यावर काही आळ घेतला नाही. त्यानं सांगितलं ते असं. ओढ्याला जोवर पाणी होतं तोवर तो आणि त्याची बायको दिवलीबाई रोज रेती धुवत होते. भूमिकानं ती लोखंडी थाळी त्यालाच देऊन टाकली होती. एक कण मिळाला नाही. एकसुद्धा नाही. मग तुला कसे मिळाले, एवढंच त्याला विचारायचं होतं. तुझा हात चांगला आहे म्हणून, की आम्ही चुकतोय?

तुळशीबाई म्हणाली, हात सगळ्यांचे सारखेच असतात, सोनं जड असतं. असेल तर तळाला बसणारच.

योगायोग कसा बघा, त्याच आठवड्यात भूमिका आली, छापलेला अहवाल घेऊन. तुळशीबाईसाठी मुद्दाम आणला होता, तिचा फोटो होता त्यात, ओढ्यात पाटी फिरवताना. माझ्या माजघरात बसून तुळशीबाई पानं उलटत होती. मी नाटकं करत होते, तुळशे, आता तुझा फोटो दुकानात लावू, उदबत्ती लावू. मग एक पान आलं, पानभर एकच पिवळी आकृती. सूक्ष्मदर्शकाखाली मोठा केलेला कण. बांगडीच्या तुकड्यासारखा वळलेला, एका अंगाला बारीक बारीक समांतर रेघा.

तुळशीबाईनं पान जवळ धरलं. मग लांब धरलं. भूमिका उत्साहानं सांगत होती, या रेघा बहुतेक दगडावर घासल्याच्या आहेत. तुळशीबाईनं पान मिटवलं, भूमिकाला चहा दिला, तिला निरोप दिला. ती गेल्यावर दार लोटलं आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"शेठाणी, हाऊ कण नदीना नही. हाऊ कानसना शे."

नदीतला कण वाहून वाहून कडांनी गुळगुळीत होतो, गव्हाच्या कोंड्यासारखा चपटा. कानशीनं सोनं घासलं की त्याचा कीस वळतो आणि त्यावर कानशीचे दात उमटतात. चाळीस वर्षं ती तोच कीस वेचत होती. मी म्हटलं, उगाच काहीतरी. तर ती म्हणाली, मोजा. पहिल्या पाटीत पाच, दुसरीत तीन, तिसरीत एक. भूमिकानं ओढ्याची जागा मोजली, खाली पाच, मध्ये तीन, वर एक. पण आपण धुतलंही त्याच क्रमानं. खालून सुरुवात केली. पाटीच रिती होत गेली, डोंगर नाही.

मला कळलं. टपावर दोन दिवस. लाकूड पहिल्यांदा सुकलं, तडे उघडले, वर्षानुवर्षं रेषांमध्ये अडकलेलं बाहेर पडलं. ती माझ्याकडे बघत होती, पण टपाचं नाव तिनं काढलं नाही. मीही काढलं नाही.

मी तिला काय सल्ला दिला ते सांगते. मी म्हटलं, गप्प बस. डोंगरातलं सोनं डोंगराला, तुझं काय जातंय? सरकार चार वर्षांनी खणेल, काही निघणार नाही, आपोआप सोडेल.

"तवपावत उदेसिंगनं वावर जास," ती म्हणाली. "अनं मी बोलनी तं मन्हं पोट जास."

तोपर्यंत त्याचं शेत जातं, आणि मी बोलले तर माझं पोट. दोन्ही बाजू तिनं एका वाक्यात मांडल्या. कारण ती काय बोलणार होती? माझ्या पाटीत सोनं होतं. ज्या बाईनं चाळीस वर्षं अकरा उंबऱ्यांवर मूठ मारून सांगितलं की पाटी रिकामी आहे, तिनं आता सांगायचं की नव्हती.

चार दिवस ती आली नाही. पाचव्या दिवशी तिनं भूमिकाला फोन लावायला मला सांगितलं, आणि उदेसिंगला निरोप.

भूमिका आली, ऐकलं आणि पांढरी पडली. पोरगी प्रामाणिक होती, हे मी कबूल करते. म्हणाली, आम्ही सोनं आहे का, किती आहे, एवढंच तपासलं, त्यात दागिन्यांसाठी मिसळलेलं तांबं किती हे बघितलंच नाही. बाटलीतले कण परत तपासते. पाटी मात्र हवी, पाटीच्या फटीतलं थोडं खरवडून न्यायला लागेल, जुळवून बघायला.

"खरडीसन नही," तुळशीबाई म्हणाली. "फोडनं पडी. बठास्नी दखाले पाह्यजे."

खरवडून नाही, फोडून, आणि सगळ्यांनी बघायला हवं. तिचा हिशेब असा होता. तिला वाटलं, लाकूड फोडलं की लोकांना डोळ्यांनी दिसेल. सोनं लाकडाच्या पोटात होतं, मूठ मारून पडणारं नव्हतं, मी लपवलं नव्हतं. पाटी गुन्हेगार ठरेल, मी सुटेन. सोनारांच्या इमानावर तिचा इतका विश्वास.

आमच्या दुकानामागच्या अंगणात सोमवारी सकाळी जमले. भूमिका, उदेसिंग, रिषभ, आणि बाजारातले तीन-चार सराफ, त्यात आमचे शेजारी पुखराजजी. तुळशीबाईनं उदेसिंगला कुऱ्हाड मारायला सांगितलं. त्यानं पाटीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि कुऱ्हाड तिच्या हातात दिली. तिनंच मारली. दोन घाव लागले. शिवणीचं लाकूड, उभं चिरलं.

आत, तड्यांच्या कडेनं, पिवळी रेघ होती. केसासारखी. एका ठिकाणी जरा जाड, नखाला लागेल इतकी.

भूमिकानं चिमट्यानं थोडं उचललं, बाटलीत घातलं. तुळशीबाई सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती, एकामागून एक, कुणीतरी मान हलवेल म्हणून. मग पुखराजजी माझ्याकडे वळून म्हणाले, भाभीजी, तुम्ही म्हणायचा ते खरं निघालं, दुकानातलंच. बाजाराला नवं वाक्य शोधावंच लागलं नाही. माझंच तयार होतं, दोन महिने घोटलेलं.

रिषभ खाली वाकला, पाटीचे तुकडे उचलून कागदावर ठेवायला लागला, नीट, एकही कपची न सोडता.

"रिषभशेठ, मी चोरी करेल नही," तुळशीबाई म्हणाली.

"चोरी कोण म्हणतंय, मावशी?" रिषभ अगदी गोड बोलतो, बापावर गेलाय. "मी एवढंच म्हणतो, पाटी खाली नव्हती."

त्या वेळी तिनं माझ्याकडे बघितलं. मला फक्त एवढं म्हणायचं होतं, अरे, ती पाटी मी टपावर टाकली, माझी साडी ओली होते म्हणून. ती सुकली, म्हणून तडकली. तोपर्यंत हिनं ती एक दिवस कोरडी ठेवली नव्हती. तीन वाक्यं. ज्या बाईच्या तोंडाला बाजारात कुणी बोळा घालू शकलं नाही, तिच्या तोंडातून तीन वाक्यं निघाली नाहीत. सराफांसमोर, मुलासमोर, सगळ्याला कारण मी, असं कसं म्हणायचं? नंतर सांगू, घरी सांगू, असं मनात म्हणत राहिले.

भूमिकानं काम चोख केलं. ओढ्यातल्या बाटल्यांमधले कण आणि पाटीतलं सोनं जुळलं, तांब्यासकट. पावसाळा सरल्यावर ती परत पिपळबारीला गेली, नव्या थाळ्या घेऊन, पस्तीस जागी रेती धुतली. काही नाही. गारगोटीची शीर फोडून दळून तपासली. सोनमाखी, गंज, बस. तो गोराही बहुतेक सोनमाखीलाच भुलला असेल, नाहीतर त्याच्याही मजुराची पाटी कुठल्या सोनाराकडून आली असेल. तिनं नवा अहवाल लिहिला, की खड्ड्यात सोन्याचा अंश नाही, आधीचे कण साधनातून आलेले होते.

आता गंमत बघा, गंमतच म्हणते मी, दुसरा शब्द सापडत नाही. डोंगर जितका निर्दोष ठरत गेला, तितकी तुळशीबाई दोषी ठरत गेली. प्रत्येक रिकाम्या थाळीबरोबर बाजार म्हणायचा, बघा, म्हणजे सगळं आपलंच होतं. दिवाळीच्या आत अकराही दुकानांनी केर बंद केला. आता सुरतचा माणूस महिन्यातून एकदा येतो, गोणी उचलतो, मशीनमध्ये घालतो, आकडा फोनवर कळवतो. त्या मशीनच्या पोटात काय राहतं, ते बघायला तिथं कुणी कुऱ्हाड घेऊन जात नाही.

यंदाच्या चैत्रात उदेसिंग आला. पिपळबारीचा उतार यादीतून निघाला होता, त्याची फाइल पुन्हा हलली होती. पट्टा हातात आलेला नव्हता, पण अडकलेलाही नव्हता. त्यानं तुळशीबाईसाठी आमचूर आणलं होतं, घरच्या आंब्यांचं, सोललेलं, वाळवलेलं, दोन किलो तरी. तिचं घर बंद होतं. शेजारणीनं सांगितलं, ती प्रकाशा गावी आहे, देवळाजवळच्या एका भोजनालयात, भांडी घासते. मी म्हटलं, चल, मीही येते.

ती मागच्या बाजूला होती, नळाखाली, पुढ्यात पातेल्यांचा ढीग. मनगटापर्यंत राख. उदेसिंगनं पिशवी बाजूला ठेवली आणि सांगितलं, खड्ड्यात सोनं नाही असं लिहून आलं. तिनं मान हलवली.

"तुन्हं वावर?"

"शे," तो म्हणाला. "आते पेरसू."

ती हसली जरा. मग तिनं विचारलं, त्या कागदात माझं नाव आहे का? मी तो अहवाल वाचला होता. त्यात लिहिलं होतं, स्थानिक कामगाराच्या लाकडी साधनामुळे. नाव नव्हतं. तसं मी सांगितलं. ती म्हणाली, चांगलं झालं, नावासकट असतं तर सराफांनी चौकटीत घालून भिंतीला लावलं असतं.

मला ते सहन होईना. मी म्हटलं, तुळशे, इथं कशाला झिजतेस, घरी ये, माझ्याकडेच राहा, धुणंभांडी तर आमच्याकडेही आहेत, तुला बसल्या जागी चहा देईन.

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"शेठाणी, तुम्हना घरमा मी सोनं दिन्हं शे," ती म्हणाली. "तठे भांडा नही घासाव."

तुमच्या घरात मी सोनं दिलंय, तिथं भांडी नाही घासायची. चिडून नाही म्हणाली. मग तिनं पुढचं पातेलं ओढलं, आणि आम्ही उठलो.

परतीच्या बसमध्ये उदेसिंग खिडकीशी बसला, मी त्याच्या शेजारी. रिषभला सांगायची ती तीन वाक्यं मी मनात नीट लावून घेतली, टप, साडी, ऊन, कुठून सुरुवात करायची तेसुद्धा ठरवलं. शहादा आलं. उदेसिंग धडगावच्या गाडीकडे गेला. मी दुकानाच्या पायऱ्या चढले. रिषभसमोर गिऱ्हाईक बसलं होतं, मंगळसूत्र बघत होतं. मी आत जाऊन चहा टाकला.